बारा चौकोन आणि एक जावई

बाहेरच्या माणसाला नात्याचं नाव द्यायचं असेल तर आधी मोठ्यांना विचारावं, एवढी साधी गोष्ट. पण लेटीशा कुणाला विचारून काही करेल तर शपथ. तेरा वर्षांची पोर, जीभ हातभर. सोमवारी सकाळी विद्यापीठाची पांढरी गाडी वाळवंटातल्या या आदिवासी वस्तीत शाळेपुढे येऊन थांबली, तिच्यातून कॅलम नावाचा, उन्हानं नाक सोललेला लांबडा कॉलेजकुमार उतरला, आणि लेटीशाची आजी मेव्हिस नांगला शाळेत पोचेपर्यंत त्याचा जाकामारा होऊन गेला होता.

अशी नात्याची नावं वस्तीत आठ आहेत, आणि नावावरूनच कोण कुणाचं काय लागतं ते ठरतं. त्यातली दुसरी कुठलीही चालली असती. भाऊ म्हणून चालला असता, नातू म्हणून चालला असता, चुलतदीर म्हणूनही मेव्हिसनं त्याला निभावून नेलं असतं. पण ती नांगला, आणि नांगलाचा जाकामारा म्हणजे जावई. जावयासमोर सासूनं उभं राहायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, एका गाडीत तर बसायचंच नाही. जावयानंही तेच पाळायचं. मेव्हिसनं वर्गाच्या दारात पाऊल टाकलं, लेटीशा आतून ओरडली, "आजी, आमचा जाकामारा आलाय बग!" आणि मेव्हिस आली तशी मागे फिरली. बावीस वर्षं ती त्या शाळेत मदतनीस होती. एवढ्या वर्षांत तिला वर्गाबाहेर काढायची मुख्याध्यापकांचीही छाती झाली नव्हती, ते नातीनं एका शब्दात करून दाखवलं.

दुपारी तिनं पोरीला नळापाशी गाठलं.

"आठ नावं हायती. तुला ह्येच घावलं?"

"मग काय झालं? माजा बाप झाला आता तो." लेटीशा ओंजळीनं पाणी पीत म्हणाली. "बापाला गाडीतनं न्यावंच लागतंय. थंडं बी पाजावं लागतंय."

"थंड्यापायी तू मला सासू केलीस व्हय गं, भवाने?"

लेटीशानं खांदे उडवले. तिचा खरा बापही जाकामाराच. तीन वर्षांपूर्वी तो डार्विन शहरात कामाला म्हणून गेला आणि तिथल्या एका बाईच्या घरी राहिला. पोरीची आई दुकानात गल्ल्यावर बसायची आणि त्याचं नाव काढायची नाही. मेव्हिसला तर त्याच्याशी कधी बोलताच आलं नव्हतं, मग भांडणार कशी?

संध्याकाळी ती क्लॅरीकडे गेली. क्लॅरी तिचा दीर, वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस. असल्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. तो चुलीपाशी कुत्र्यांच्या गराड्यात बसला होता.

"नाव काडून घ्या त्याचं," मेव्हिस म्हणाली. "दुसरं द्या."

"नात्याचं नाव म्हंजे काय कुडतं हाय व्हय, आंगात बसंना म्हनून काडून ठेवायला?" क्लॅरी म्हणाला. "दुपारी हितं बसून त्यानं कांगारूची शेपटी खाल्ली, जाकामारा म्हनून. आता काय वकायला लावू?"

"दहा दिसांचं काम हाय. मी त्याच्याबरूबर काम करायचं कसं?"

"जावयाबरूबर करतात तसं," म्हातारा म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर खो खो हसला. मेव्हिसच्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण काम पोरखेळ नव्हतं. रस्तेखात्याला नव्या रस्त्यासाठी मुरूम हवा होता, आणि त्यांनी बोट ठेवलं होतं ते नेमकं वस्तीच्या पश्चिमेच्या वाळूवर. ती वाळू मेव्हिसच्या बापाची. तिथे तिची आई पहारीनं रानरताळी खणायची, तिथेच मेव्हिसही खणत होती. तिथे बिल्बी होत्या: सशाएवढं जनावर, गाढवाचे कान आणि खणायची भारी हौस. बिल्बी आहे असं कागदावर सिद्ध झालं तर मुरूम दुसरीकडून काढायचा, नाही झालं तर यंत्रं आणायची, असा सरकारी हिशेब. पाहणी ज्यांनी करायची त्या वनरक्षकांची गाडी महिनाभर मोडून पडली होती. तेव्हा कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं की कॉलेजची पोरं तशीही शाळेतल्या पोरांना विज्ञान शिकवायला येणार आहेत, त्यांच्याकडूनच करून घ्या. पुढच्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत कागद शाळेच्या संगणकावरून गेला पाहिजे होता. कॅलमबरोबर आणखी एक मुलगी आली होती, पण तिसऱ्या दिवशी तिचा कान सुजला आणि ती टपालाच्या विमानानं परत गेली. उरला जावई.

पहिली अडचण गाडीची. वाळू पाच किलोमीटरवर. गाडी एक, आणि ती चालवायची परवानगी एकट्या कॅलमला. मेव्हिस आत बसू शकत नव्हती. मागच्या उघड्या हौद्यात ती घोंगडी डोक्यावर घेऊन बसली असती, बायका बसतातच. पण विद्यापीठाचा नियम होता, हौद्यात माणूस नेता येत नाही.

"सामान नेता येतं," लेटीशानं निरोप आणला. "मानूस न्हाई, म्हनतोय."

"मग सामान म्हन की मला! बटाट्याचं पोतं म्हन!"

पण जावई नियमाला घट्ट आणि सासू रीतीला घट्ट. शेवटी मेव्हिस रोज उजाडायच्या आत पहार खांद्यावर टाकून चालत निघायची. बरोबर बुलेट नावाचा लंगडा कुत्रा. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघ्यांत वाळूच भरल्यासारखी करकर. ती पोचून तासाभरानं गाडीचा आवाज आला की तिनं झुडपाआड तोंड फिरवून उभं राहायचं; पोरं खिडकीतून हात हलवत, थंडं पीत समोरून जायची. आपल्याच बापाच्या जमिनीवर आपण चोरासारखं लपतोय, असं तिला रोज वाटायचं.

दुसरी अडचण चौकोनांची. मेव्हिसला वाटलं होतं, पोरांना माग काढायला शिकवायचं म्हणजे जनावर आहे तिथे न्यायचं. कॅलमकडे मात्र संगणकानं नकाशावर पाडलेले बारा चौकोन होते. त्यातला पहिलाच एका टणक चिकणमातीच्या मैदानात, जिथे मुंगीसुद्धा चुकून जात नाही. सहा पोरं त्या चौकोनात एका रांगेत, खाली माना घालून चालत होती. मेव्हिस लांब बाभळीखाली पाठ करून बसली होती. लेटीशा मध्ये ये-जा करत होती.

"त्याला इचार, जितं न्हाई तितं कशाला हुडकायचं?"

लेटीशा पळत गेली, पळत आली. "तो म्हनतोय, जितं हाय तितंच हुडकलं तर त्याला विज्ञान म्हनत न्हाईत."

"मग काय म्हनतात?"

"ते न्हाई सांगितलं."

मेव्हिसनं वाळूत बोटानं तांबडं टेकाड काढलं, त्यामागे दोन भोकं पाडली. "त्याला सांग, ह्या टेकाडामागं, वाळलेल्या झाडाच्या उगवतीला, दोन बिळं हायती. ताजी. पंधरवड्यामागंच बगितलीत म्या. आजच्या आज चल म्हनावं, फोटू काड, आन् मोकळा हो."

लेटीशा त्या भोकांकडे बघत राहिली. मग गेली. या वेळी तिला यायला वेळ लागला.

"चौकोनाभाईरचं चालत न्हाई म्हनतोय."

"आसं म्हनला?"

"व्हय."

मेव्हिसनं कपाळावर हात मारला. आकाशात बघून देव दिसत नाही म्हणणारा माणूस परवडला, असं तिला वाटलं. बोलायची सोय असती तर तिनं त्याला तिथेच उभा-आडवा घेतला असता. पण लेकी बोले सुने लागे, तसं नातीला बोलायचं आणि जावयाला लागेल अशी आशा करायची, एवढंच हातात होतं. तिनं पुढचे चार दिवस तोच निरोप चार वेळा धाडला. चारही वेळा तेच उत्तर. पाचव्या दिवशी तिनं नाद सोडला.

एवढं असूनही काम चाललं होतं, आणि ते कसं, याचं मेव्हिसला स्वतःलाच नवल वाटायचं. ती आधी पोचायची म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हात चौकोन फिरून घ्यायची. घोरपड गेली असेल तर मागाभोवती काठीनं एक वाटोळं, रानमांजर असेल तर दोन, रात्रीचा माग असेल तर शेजारी एक रेघ, जुना असेल तर तीन. मग ती सरकून पुढच्या झाडाखाली जायची. मागून कॅलम आणि पोरं यायची, वाटोळं बघायची, आत काय आहे त्यावर भांडायची, मोजायची, लिहायची. कधी पोरं पैज लावायची आणि कॅलम हरला की आरडाओरडा व्हायचा. मेव्हिस पाठमोरी बसून हसू दाबायची.

आणि संध्याकाळी, गाडी गेल्यावर, ती त्यांचे माग वाचत परत यायची. एवढ्या दिवसांत तिनं कॅलमचा चेहरा एकदाही पाहिला नव्हता, पण त्याचा बूट तिला पाठ झाला होता. डावी टाच घासतो. ओझं उजव्या खांद्यावर घेतो. पहिल्या दिवशी लांब लांब टांगा टाकत होता, पोरं मागे पळत होती. तिसऱ्या दिवसापासून त्याची पावलं आखूड झाली, पोरांच्या पावलांना धरून पडायला लागली. एकदा तो सगळ्यांपासून दूर गेला होता, एका दगडावर बराच वेळ बसला होता, टाचांनी वाळू उकरत होता. घरची आठवण आली असेल. मेव्हिस त्या दगडापाशी थोडी थांबली. मूर्ख आहे, पण वाईट नाही, असं तिनं ठरवलं.

क्लॅरीनं त्याला कानमंत्र दिला होता की जावयानं सासूला मांस धाडायचं असतं. शुक्रवारी लेटीशा दुकानातली गोठलेली कांगारूची शेपटी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घेऊन आली.

"तुज्या जावयानं धाडलीया."

शेपटी लोखंडासारखी टणक होती. मेव्हिसनं ती पायरीवर आपटून पाहिली. "ही काय खायाला दिली की मारायला?" ती म्हणाली. तरी तिनं ती रात्री निखाऱ्यात पुरली, रोडगा भाजला आणि लेटीशाला पोटभर वाढलं. पोरगी खाताना सारखी कॅलमबद्दलच बोलत होती. त्याला पोहता येतं. त्याच्या घरी मांजर आहे. त्यानं वहीवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय. "त्यो म्हनला, मी त्याच्या कॉलेजात बी शिकू शकीन."

"तितवर मुरूम काडून ह्या वस्तीचा खड्डा झालेला आसंल," मेव्हिस म्हणाली. लेटीशाचा घास हातातच राहिला, पण मेव्हिस तेव्हा हाडातला मगज काढण्यात गुंतली होती.

दुसऱ्या आठवड्यात वारे सुरू झाले. रोज दुपारी वावटळी उठायच्या आणि सकाळी केलेली वाटोळी पुसून टाकायच्या. बुधवारपर्यंत अकरा चौकोन झाले. उंट, रानमांजर, घोरपडी, एक भटकी गाय. बिल्बीच्या रकान्यात अकरा शून्यं. मुख्याध्यापकांनी व्हरांड्यात मेव्हिसला विचारलं, आता कसं. "जावयाला इचारा," ती म्हणाली.

गुरुवारी बारावा चौकोन. मेव्हिसचा उजवा गुडघा रात्रीच सुजला होता. ती उशिरा निघाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच गाडी तिच्या आधी पोचली. ती टेकाडाच्या अलीकडे असतानाच पोरांचा कल्ला कानावर आला. "बिल्बी! बिल्बी!" कॅलमचा आवाजही त्यात होता, पोरापेक्षा पोर झालेला. ती पाठ फिरवून बाभळीखाली उभी राहिली. धाकटा एक पोरगा धापा टाकत आला.

"नांगला, घावली! लेटीशाला घावली! जाकामारानं फोटू बी काडलं!"

मेव्हिसच्या छातीवरून धोंडा उतरल्यासारखं झालं. "लांब व्हा म्हनावं समद्यांनी," ती म्हणाली. "मला बगू दे."

सगळे मागे सरले. कॅलम आपण होऊन गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला; एवढ्या दिवसांत तोही शिकला होता. मेव्हिस लंगडत चौकोनात आली आणि मागापाशी वाकली.

पुढची पावलं, मागची दोन लांब बोटं, मधून शेपटीची रेघ. अगदी हवी तशी. एकही चूक नाही, आणि तिथेच तिचं मन अडलं. चारही पावलं सारख्याच वजनानं दाबलेली. जनावर थांबतं, वास घेतं, वळतं. अंग टाकतं तिकडे वाळू जास्त दबते. हे जनावर एकदाही कुठे थबकलं नव्हतं. मुळाशी अळी शोधायला एक बोटभर खणलंही नव्हतं. आणि शेपटीच्या रेघेच्या कडेला बारीकसा दुहेरी ओरखडा होता. लेटीशा करंगळीचं नख खाते. ते नख असंच दोन टोकांचं तुटलेलं असतं.

वस्तीतली सगळीच पोरं खेळता खेळता मुठीनं आणि बोटांनी वाळूत माग काढतात. लेटीशाला ते मेव्हिसनंच मांडीवर बसवून शिकवलं होतं. आता बघा फळं.

ती तिथे किती वेळ ओणवी राहिली कुणास ठाऊक. फोटो निघालेला. कागद संध्याकाळी जाणार. शहरातल्या टेबलामागच्या माणसाला हे नख सात जन्मांत दिसणार नव्हतं. जमीन वाचत होती. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं, आणि जावयापुढे गप्प बसायची तर रीतच होती. पण उद्या एखादा खरा जाणकार हे बघेल आणि म्हणेल, नांगलाच्या वाळूवर खोटे माग असतात. मग तिच्या खऱ्या मागांनाही कोण विचारणार? आणि बापाच्या वाळूत खोटं लिहून ती बापाचीच वाळू वाचवणार होती?

तिनं बाभळीची एक फांदी मोडली आणि तो माग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडून टाकला.

"नको!" गाडीपलीकडून कॅलम ओरडला. "हे काय करताय? का?"

मेव्हिस त्याच्याकडे पाठ करूनच बाभळीकडे परतली आणि लेटीशाला बोटानं जवळ बोलावलं. पोरीचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"जा. तू काडलेलं तुज्या तोंडानं त्याला सांग."

"आजी, जमीन जाईल की गं."

"जा म्हनते न्हवं."

लेटीशा गेली. मेव्हिसला पाठमोरी असतानाही कळत होतं: पावलं थांबली, पुटपुटणं झालं. मग कॅमेऱ्याचे बारीक टिक टिक आवाज. पुसतोय. निदान तेवढं बरं, असं तिला वाटलं. पश्चिमेला क्षितिज तांबूस झालं होतं आणि ते तांबूस वर चढत होतं. वारा येत होता, आणि दुपारची वावटळ नव्हे, मोठा.

लेटीशा परत आली ती वाळूकडे बघत.

"तो इचारतोय, बिल्बी कुटं हाय ते आजीला खरंच ठावं न्हाई का?"

मेव्हिसला आधी ऐकलं तेच कळेना. "खरंच ठावं न्हाई? म्हंजे? पयल्या दिशी सांगितलं न्हवं? टेकाडामागं दोन बिळं! चार येळा निरोप धाडला!"

लेटीशा पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरायला लागली.

"चौकोनाभाईरचं चालत न्हाई म्हनलाय न्हवं त्यो?"

"त्यो नव्हता म्हनला," लेटीशा म्हणाली. "कागदावर खाली जागा हाय. इतर नोंदी म्हनून. तो रोज इचारायचा, आजीला इचार, आजीला इचार. मी सांगितलं, आजीला ठावं न्हाई."

मेव्हिसचा हात वर गेला. दहा दिवसांची पायपीट, सुजलेला गुडघा, चोरासारखं लपणं, अकरा शून्यं, सगळं त्या हातात आलं होतं.

"का?"

"पयल्याच दिशी फोटू निगाला असता," लेटीशा म्हणाली. "काम संपलं असतं. मग तो गेला असता."

हात तसाच वर राहिला आणि मग आपोआप खाली आला. मेव्हिसला पोरीचा भयंकर राग आला होता, आणि डार्विनला गेलेल्या त्या दुसऱ्या जाकामाराचा त्याहून जास्त, आणि दोघांतल्या एकालाही मारून काही होणार नव्हतं. तिनं पश्चिमेकडे पाहिलं. अर्धा तास, फार तर.

"पळ," ती म्हणाली. "तुज्या बापाला म्हनावं, गाडी टेकाडामागं घाल. वाळलेलं झाड. आन् या येळी मी सांगते तेच सांग, न्हाईतर तंगडं मोडीन."

ती स्वतः टेकाडावरून आडवी निघाली. गुडघा किती दुखला ते तिला नंतर आठवलं. एक बीळ जुनं झालं होतं, तोंडावर कोळ्याचं जाळं. दुसऱ्याच्या तोंडाशी ओली वाळू बाहेर फेकलेली होती, पहाटेची, आणि तीतून एक माग निघाला होता, थबकत, वळत, वास घेत. पहिली झुळूक आली आणि मागाची कड ढासळायला लागली.

घोंगडी असती तर ताणून धरली असती. नव्हती. मेव्हिस वाऱ्याच्या बाजूला बसली, परकर दोन्ही हातांनी पसरला आणि स्वतःचाच आडोसा केला. आता तिला हलता येणार नव्हतं. गाडी आली, दारं वाजली, आणि पावलं जवळ यायला लागली. टाच घासणारं डावं पाऊल. दहा हातांवर ते थांबलं.

"सांग त्याला," ती लेटीशाला म्हणाली. मान पार छातीत घातलेली, लाजेनं कान तापलेले. "लवकर ये म्हनावं. वाऱ्याला रीत कळत न्हाई."

"तो म्हनतोय, कसा येऊ?"

"पोटावर ये म्हनावं!"

कॅलमनं टोपी डोळ्यांवर ओढली, वाळूत आडवा पडला आणि सरपटत आला. तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर त्याचा श्वास लागत होता. तिनं डोळे गच्च मिटले. बावीस वर्षं शाळेत आणि पंचावन्न वर्षं या वाळूत तिची एवढी शोभा कधी झाली नव्हती. कॅमेरा वाजला, वाजला, वाजला.

"विचार," तो धापा टाकत म्हणाला, "हा माग कधीचा?"

"आज पहाटंचा," मेव्हिस म्हणाली.

"आज पहाटंचा," लेटीशा म्हणाली.

मग वारा आला आणि डोळ्यांसमोरचं सगळं तांबडं झालं.

शुक्रवारी दुपारी रस्तेखात्याचा फोन आला. तूर्त त्या वाळूला हात लावणार नाहीत, मुरूम पूर्वेकडून काढतील. "तूर्त म्हंजे किती?" मेव्हिसनं विचारलं. मुख्याध्यापक म्हणाले, सरकारी तूर्त म्हणजे पाच-सहा वर्षं. तेवढं पुष्कळ झालं. क्लॅरीनं सगळ्या वस्तीला सांगितलं की ते नाव त्यानंच राखलं म्हणून हे झालं.

शनिवारी सकाळी कॅलमची गाडी मेव्हिसच्या घरापासून वीस पावलांवर येऊन थांबली. मेव्हिस पडवीत होती, ती भिंतीकडे तोंड करून बसली. तो गाडीपाशीच उभा राहिला. "लेटीशा!" त्यानं हाक मारली. पुन्हा मारली. लेटीशा आत गादीवर पालथी पडली होती, उशी डोक्यावर.

एकीला बघता येत नव्हतं, दुसरी बघायला तयार नव्हती, आणि तो बिचारा उन्हात. निरोप्या तेवढा कुणी नव्हता. मेव्हिसनं थोडा वेळ वाट पाहिली, मग लंगड्या कुत्र्याकडे वळली.

"बुलेट," ती मोठ्यानं म्हणाली, "पोरगी आत हाय. रडतीया. कुनाला सांगायचं आसंल तर सांग बाबा."

मग गाडीपासून कॅलमचा आवाज आला.

"बुलेट, तिला सांग, मी पुढच्या वर्षी येईन असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. माझी परीक्षा आहे, आणि पाठवायचं कुणाला ते दुसरेच ठरवतात. तिला खोटं सांगायचं नाही मला."

आधीचा जाकामारा दिवाळं निघेपर्यंत वचनं देऊन गेला होता. सायकल आणतो, नाताळाला येतो, तुला घेऊन जातो. मेव्हिसला या पोराबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला, आणि तोही नेमका जायच्या दिवशी, हा आणखी एक वैताग.

आत गादी करकरली. लेटीशा दारात आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, तोंडावर उशीच्या रेघा. ती उंबऱ्यावर थांबली, गाडीकडे बघितलं, आणि सवयीनं म्हणाली, "आजी म्हनतीया..."

"मी काय बी म्हनत न्हाई," मेव्हिस भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "जा. तुजं तू बोल."

लेटीशाची अनवाणी पावलं पायरी उतरून वाळूतून गाडीकडे गेली. ती काय बोलली ते मेव्हिसला ऐकू आलं नाही.